हत्तीवाल्यांची सुबक अक्षरं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्या नातीला, कुंदाला, नावं ठेवणार नाही. तिची तीन वर्षं फुकट गेली ती माझ्या डोळ्यांपायी. तेव्हा मला मोतीबिंदू नव्हता. चांगलं लख्ख दिसत होतं, तेच नडलं.

मी दुसरी पास. तिसरीच्या वर्गाचं दार पाहिलं नाही. पुढचं वाचन शिकले ते धुळ्याला, आग्रा रोडच्या मागच्या एका छापखान्यात. छापून झालेल्या मजकुराचे शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे मला आरशातलं वाचन आधी आलं आणि माणसांसारखं मागून. सगळे मला अक्का म्हणतात तेही तिथूनच लागलेलं. नातसुद्धा आजी म्हणत नाही.

कुंदा म्हणजे माझ्या मुलाची, गुलाबची, थोरली. गुलाब एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आम्हा बागुलांच्यात बी.एस्सी. झालेली ती पहिली पोरगी, आणि नाशिकला राहून कॉम्प्युटर शिकून आलेली तर अख्ख्या गल्लीत पहिली. एकोणनव्वद साली तिला जळगावला रुपचंद शेठच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. गुलाबने मला तिच्या सोबतीला धाडलं.

"अक्का, तू जाय तिनासंगे. तुले बी बदल हुई," म्हणाला.

बदल कसला! धुळ्याला दोन खोल्यांत सहा माणसं होतो, जळगावला एका खोलीत दोन. मला तर आवाजाशिवाय झोप लागेना.

रुपचंद शेठचं दुकान आणि क्लास एकाच जिन्यावर. खाली कॉम्प्युटर विकायचे, वर तेच शिकवायचे. सगळे एकाच कंपनीचे. तिच्या डब्यावर निळा हत्ती छापलेला असायचा, म्हणून आम्ही तिला हत्तीवालेच म्हणायचो. शेठ माणूस गोड. पण कुंदाने शिकवायचं किती, बोलायचं किती, मुलं गेल्यावर पुसायचं काय, सगळं शेठ ठरवणार. तिच्या मनात एकच होतं. आपली एक पाटी असावी: कुंदा बागुल, कॉम्प्युटरची कामे. कुणाच्या जिन्यावर नाही, स्वतःच्या दाराला. ते मला तिने सांगितलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर पाटीचं चित्र काढलेलं मी पाहिलं होतं.

ती पाटी जवळ आली असं वाटलं ते चुडामण पाटलांमुळे. एदलाबादकडच्या एका गावच्या केळीच्या सोसायटीचे हे सेक्रेटरी. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. तिकडची केळी रेल्वेच्या वॅगनीतून दिल्लीला जाते. वॅगनीत मावेल तेवढीच कापायची, म्हणून कुणाची बाग कोणत्या दिवशी कापायची त्याचे नंबर लागतात. नंबर चुकला तर घड झाडावरच पिवळे. ती नंबराची यादी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लागायची, आणि दर आठवड्याला तिच्यावरून भांडण. भाच्याला पुढे घेतलं, व्याह्याला पुढे घेतलं. म्हणून सोसायटीने शेठकडून एक हत्ती, म्हणजे हत्तीवाल्यांचा कॉम्प्युटर, नेला होता आणि आता त्याच्यावर नंबराची यादी करून देणारं माणूस हवं होतं.

"यंत्राले भाचा नसतो ना, पोरी," चुडामण भाऊ म्हणाले. "म्हणून यंत्र पायजे."

कुंदा पहिल्यांदा त्यांच्या गावी गेली तेव्हा मी सोबत होते. आडनाव विचारलं. चहा जरा उशिरा आला, पण आला. दुसऱ्या खेपेपासून वेळेवर यायला लागला.

आता प्रोग्राम लिहायचा तर त्यालाही हत्यार लागतं, सुताराला रंधा लागतो तसं, हे मला तेव्हा कळलं. आणि हत्यारं दोन होती.

एक हत्तीवाल्यांचं. यंत्र घेतलं की फुकट. शेठने पाच फ्लॉप्या कुंदाच्या हातात अशा ठेवल्या, जशी दुकानदार दिवाळीला कॅलेंडरं वाटतात. त्यात सगळं तयार. याद्या तयार, पडद्यावरचे तक्ते तयार, मराठी अक्षरंही तयार. फक्त जे काही लिहाल ते हत्तीवरच चालणार.

दुसरं पुण्याला मिळायचं, विकतचं. त्यात तयार काहीच नाही. अक्षरंसुद्धा आपली आपण काढायची. पण एकदा लिहिलं की ते ह्याच्या त्याच्या, बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालवता येतं. त्याची किंमत केवढी! त्या किमतीत तेव्हा जुनी लुना आली असती. आणि कुंदा लुनासाठीच पैसे मागे टाकत होती, बसस्टँडपर्यंतची रोजची पायपीट वाचावी म्हणून.

रविवारी गुलाब धुळ्याहून आला, बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, पिशवी घेऊन. कुंदाने त्याच्यासमोर दोन कागद ठेवले. एक हत्तीवर छापलेला. दुसरा पुण्याच्या दुकानदाराने नमुना म्हणून पोस्टाने धाडलेला, त्यांच्या कुणी गिऱ्हाइकाने स्वतः अक्षरं काढून छापलेला.

गुलाबने कागदांकडे पाहिलंच नाही. बिबडी मोडत म्हणाला, "फुकट शे म्हणून लेवानं नही, पोरी. जो पाना एकाच गाडीले लागस, तो पाना नही. तो त्या गाडीना नोकर शे."

"पण बाबा, सोसायटीत हत्तीच आहे. दुसरं यंत्र आहे कुठे आज?"

"आज नही. उद्या?"

"उद्याचं तुमच्या डेपोवाल्यांना काय माहीत? तुमच्या गाड्या आजच्या आज कुठे पोचतात?"

"अक्का, हिनं तोंड देख," गुलाब मला म्हणाला.

मी तोंड पाहत नव्हते. मी अक्षरं पाहत होते. हत्तीवाल्यांच्या कागदावर "ज्ञानदेव उखर्डू पाटील" असं नाव होतं. काय तो ज्ञ! पोट भरलेला, पाय टेकलेले. खालच्या ओळीतला ष्ट अखंड, कुठे फट नाही. शिरोरेषा अशी सरळ की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. आणि पुण्याच्या कागदावर ज्ञ म्हणजे उपाशी पोर, ट खाली लोंबतोय, मात्रा एकीकडे नि अक्षर दुसरीकडे. आमच्या छापखान्यात असा कागद मालकांनी माझ्या अंगावर फेकला असता.

"अक्का, तू सांग," कुंदा म्हणाली. एकतीस वर्षं अक्षरांत काढलेली बाई घरात असताना ती आणखी कुणाला विचारणार?

"गाड्यांचं सोडा," मी म्हणाले. "यादी लोक वाचणार आहेत. जे वाचायचं ते सुबक हवं. हत्तीवालं घे."

गुलाबने उरलेली बिबडी पिशवीत परत टाकली. त्याला राग आला की तो खाणं थांबवतो. लहानपणापासून तसाच आहे.

हत्यार निवडायचं होतं, आणि मी अक्षर निवडलं. गंमत म्हणजे मला कळायला हवं होतं. आमच्या छापखान्यात मालकांनी एकदा नवं छपाईचं यंत्र घेतलं, तेव्हा त्याच्यासोबत नक्षीदार खिळ्यांची एक पेटी फुकट आली. देखणे खिळे. पण आमच्या नेहमीच्या खिळ्यांपेक्षा केसभर ठेंगणे. त्यांच्या यंत्रावर एकटे लावले तर छान उठायचे, आमच्या खिळ्यांत मिसळले की अर्धे छापायचेच नाहीत. मी चार महिने एकेका खिळ्याच्या बुडाला कागदाची पट्टी चिकटवत बसले होते. हे सगळं त्या रविवारी माझ्या डोक्यातच होतं. फक्त वर आलं नाही.

पहिलं वर्ष मजेत गेलं. यादी निघायला लागली. चुडामण भाऊ ती फळ्यावर टाचणीने लावायचे आणि दोन पावलं मागे होऊन बघायचे, लग्नाची पत्रिका बघावी तसे. भांडणं कमी झाली. मग गोलाचं निघालं.

तिकडच्या गावांची एक रीत आहे. ज्याच्या घरी मयत झाली असेल किंवा लग्न निघालं असेल, त्याच्या नावाभोवती फळ्यावर खडूने गोल काढायचा. गोल दिसला की त्याच्या नंबराच्या दिवशी शेजारीपाजारी विळे घेऊन त्याच्या बागेत जाणार, घड कापून वॅगनीपर्यंत पोचवणार. त्याने बोलवायचं नाही, ह्यांनी विचारायचं नाही. गोलच सगळं सांगतो.

हत्तीवाल्यांच्या हत्यारात गोल नव्हता. तयार याद्या होत्या, तयार रेघा होत्या, चौकटीसुद्धा होत्या, पण नावाभोवती गोल काढायची सोय नव्हती. आणि त्यात जे नाही ते आपण घालायचं म्हटलं तर आत शिरायला दारच नाही. कुंदाने नावापुढे फुली टाकून पाहिली. लोक म्हणाले, याचं नाव कापलं काय? चांदणी टाकून पाहिली. लोक म्हणाले, हा पहिला आला काय? शेवटी सोसायटीचा कारकून यादी छापून झाल्यावर पेनने गोल काढायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात कौतिक पाटील म्हणून एकाची आई वारली. कारकुनाने पेनने गोल काढला. दोघे-तिघे म्हणाले, हा गोल यंत्राचा नाही, कारकुनाचा आहे, कौतिक त्याचा साडू आहे. खरोखरच साडू होता. बाकीचे बुचकळ्यात पडले आणि कुणीच गेलं नाही. कौतिकची बाग झाडावरच पिकली. आईचे दिवस संपवून तो बागेत गेला तेव्हा वटवाघळं जेवून गेली होती.

कुंदाने हे ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने हत्तीवाल्यांना पत्र लिहिलं. नावाभोवती गोल हवा आहे, कसा काढावा? तीन पत्रं लिहिली. चौथ्या महिन्यात उत्तर आलं, सध्याच्या आवृत्तीत ही सोय नाही, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. सोबत हत्तीचं कॅलेंडर. मी ते खिळ्याला लावायला गेले तर कुंदाने माझ्या हातातून घेतलं आणि कणकेच्या डब्याखाली अंथरलं.

ब्याण्णव साल उजाडलं. आजूबाजूच्या सोसायट्यांनीही यंत्रं घेतली होती, आणि कुणाचं कुठलं, कुणाचं कुठलं. त्या सगळ्यांच्या संघाने कुंदाला बोलावलं. चुडामण भाऊंनीच तिचं नाव पुढे केलं होतं. म्हणाले, "अकरा गावं हायेत. दसऱ्याले बठ्ठे सेक्रेटरी एका जागी बसतील. त्यायच्यासमोर प्रत्येक यंत्रावर चालवून दाखव. चाललं, तर अकराही गावांचं काम तुह्यं. नाही चाललं, तर संघ शेठले विचारेल."

अकरा गावं म्हणजे पाटी. दाराला, स्वतःच्या. त्या दिवशी कुंदाने येताना खव्याचे पेढे आणले, आणि मग अजून काही झालेलं नाही म्हणून ते उघडू दिले नाहीत.

शेजारच्या गावी ती आपली फ्लॉपी घेऊन गेली. तिथल्या यंत्राने फ्लॉपी वाचलीसुद्धा नाही. दुसऱ्या गावी नेली, तिथे नुसता किर्र आवाज. तीन वर्षांचं काम तिच्या पर्समध्ये होतं आणि हत्तीशिवाय कुणाला ते दिसत नव्हतं.

ती शेठकडे गेली. मीही गेले, जिना चढून, गुडघे धरत.

"सोपं आहे, कुंदा बेटा," शेठ म्हणाले. "बाकीच्या दहा गावांनीही हत्ती घ्यावा."

"त्यांनी यंत्रं कालपरवाच घेतली आहेत, शेठ."

"मग जुनी विकावीत. आणि हो, चुडामणकडचा हत्ती कंपनीने बंद केला. आता नवा हत्ती येतोय. जुन्यावरचं त्याच्यावर चालणार नाही."

"म्हणजे मी लिहिलेलं..."

"नव्यासाठी नवं हत्यार येईल ना! कंपनी देणार आहे." शेठ हसले. "फुकट."

शेठ पुढे म्हणाले, "हे बघ, तुझ्याएवढा हत्ती अख्ख्या खान्देशात कुणाला कळत नाही. ही गावोगावची वणवण सोड. मी तुला कायम करतो. बस इथे पंख्याखाली."

खाली उतरताना मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. घरी येऊन तिने पितळी पातेलं घासायला घेतलं, आणि ते आधीच घासलेलं होतं.

"तीन वर्षं मला वाटत होतं मी माझं काम करतेय, अक्का," ती पातेल्याला म्हणाली. "मी त्यांचं करत होते. पगार नसलेली त्यांची नोकर."

मला गुलाबचा पाना आठवला. तिलाही आठवला असणार. दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही.

"मी म्हटलं होतं हत्तीवालं घे," मी म्हणाले.

"तू म्हटलं होतंस, पण लिहिलं मी," ती म्हणाली. अशी बोलली की बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दसऱ्याला साडेचार महिने होते. नाशिकची तिची मैत्रीण मंदा म्हणाली, विकत कशाला घेतेस, माझ्या ऑफिसात पुण्याचं हत्यार आहे, मी उतरवून पाठवते. पाठवलंही. फ्लॉप्या आल्या, पुस्तक नाही. आणि पुस्तकाशिवाय त्यात मराठी अक्षर कसं घालायचं, कुठे घालायचं, याचा काही थांग नाही. शेजारच्या गावच्या सोसायटीने आपलं यंत्र वापरू दिलं, त्याच्यावर कुंदाने दोन आठवडे अंदाजाने करून पाहिलं. पडद्यावर एकदा क आला आणि यंत्र बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा क, पुन्हा बंद. मंदा म्हणे, ऑफिसातलं पुस्तक साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब सुट्टीवर.

शेवटी लुनाचे पैसे पुण्याला गेले. पार्सल आलं. दोन जाड पुस्तकं आणि एक छोटी डबी. कुंदाने पुस्तकांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ अक्का, आपली लुना. टेबलावर मावली."

आता सगळं पहिल्यापासून. तीन वर्षांत जे केलं ते परत लिहायचं, आणि आधी अक्षरं करायची. चौकटीच्या वहीत चोवीस घरं आडवी, चोवीस उभी. जिथे शाई हवी तिथलं घर काळं करायचं, बाकी पांढरं ठेवायचं. मग कुंदा ती घरं मोजून आकडे करणार आणि यंत्रात भरणार. दिवसा तिला क्लास होता, म्हणून अक्षरांचं काम मी मागून घेतलं. माझी चूक मीच घरं भरून फेडीन म्हटलं.

दुपारी खिडकीशी बसून चार दिवसांत मी अठरा अक्षरं केली. अगदी आमच्या छापखान्याच्या वळणाची. कुंदाने ती रविवारी त्या गावच्या यंत्रात भरली, छापली, आणि घरी येऊन कागद माझ्यासमोर धरला. सगळी उलटी! क चा पाय उलटीकडे, ग ची पाठ समोर. खिळ्यावर जशी असतात तशीच मी काढली होती. एकतीस वर्षांचा हात, त्याला उलटंच सुलटं वाटतं.

कुंदा आधी कागदाकडे पाहत राहिली. मग हसायला लागली, इतकी की शेजारच्या पार्वताबाई दारात आल्या. त्या वर्षात ती तेवढी एकदाच हसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अठरा परत, अक्का."

अठरा परत. आणि पुढची दीडशे. सुटी अक्षरं सोपी, जोडाक्षरं जीव घेणारी. ष्ट मला शेवटपर्यंत जमला नाही. चोवीस घरांत तो बसेचना. वर चांगला केला तर खाली लोंबतो, खाली सावरला तर वर चेंगरतो. पुण्याच्या त्या कागदावर मी हसले होते ना, त्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली. बिचारा कुठल्या खिडकीशी बसला असेल कोण जाणे.

ऐन श्रावणात आणखी एक निघालं. पुस्तकाच्या मागे यंत्रांची यादी होती, हे हत्यार कुणाकुणावर चालतं त्याची. बहुतेक सगळी नावं होती, दहा गावांची यंत्रं त्यात आली. हत्ती नव्हता. हत्तीवाल्यांनी आपलं यंत्र असं बांधलं होतं की बाहेरचं कुणी आत यायला नको. म्हणजे ज्या चुडामण भाऊंनी कुंदाचं नाव पुढे केलं, तेवढ्या एकाच गावात तिचं काम चालणार नव्हतं.

तिने स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. मी म्हटलं, पत्र टाक. नाही, स्वतः गेली.

"म्हणजे मह्या घरचं लग्न आणि मलेच पंगतीत जागा नाही," चुडामण भाऊ म्हणाले. मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. "दसऱ्याले ये तर खरी."

दसऱ्याला संघाच्या हॉलमध्ये तीन तऱ्हेची तीन यंत्रं मांडली होती. अकरा सेक्रेटरी, आणि तमाशा बघायला आलेले पन्नास-साठ शेतकरी. मी मागे भिंतीशी. पहिल्या यंत्रावर यादी निघाली. दुसऱ्यावर तीच फ्लॉपी, तेच नंबर. तिसऱ्यावर जरा बारीक छापलं पण छापलं.

मग तिने गोल दाखवायला एक नाव घेतलं आणि कळ दाबली. कागद बाहेर आला. लोटन चौधरी, आणि भोवती गोल. काळा, गरगरीत, यंत्राने काढलेला. चुडामण भाऊंनी तो यंत्रावरून फाडून घेऊन भिंतीवर लावला.

मग पुढच्या रांगेतून एक म्हातारा हळूच म्हणाला, "अरे राम. लोटनकडे कोण गेलं?"

"गुरुवारचा नंबर हाये त्याचा," दुसरा म्हणाला. "आम्ही चौघं जातो."

"मीबी येतो."

तेवढ्यात मागून लोटन चौधरीच उभे राहिले. खरे, जिवंत, टोपी हातात. "कोण गेलं? मह्याकडे कोण गेलं? सकाळी तर बठ्ठे चांगले व्हते!"

"मग गोल कसा?"

"लग्न काढलं काय पोरीचं, आम्हाले न सांगता?"

"कायचं लग्न? पोरगी पाचवीत हाये!"

एकच गलका. कुणी म्हणे यंत्र खोटं बोलतं, कुणी म्हणे लोटन लपवतो. लोटनभाऊ घाबरून घराकडे निघालेच होते, दोघांनी धरून ठेवलं. कुंदा टेबलावरून ओरडत होती, "नमुना आहे! नुसता नमुना आहे!" पण तिचं कोण ऐकतंय. मला वाटलं, संपलं. साडेचार महिने, लुना, माझी दीडशे अक्षरं, सगळं लोटन चौधरीच्या टोपीत गेलं.

चुडामण भाऊंनी टेबलावर हात आपटला. "ए, बसा खाली! काय ठरलं व्हतं? कारकुनाचा गोल कुणी मानत नव्हतं. ह्या गोलावर तुम्ही चौघं विळे घेऊन निघाले, अन् लोटन सोताच्या घरच्याले पाहायले निघाला. आता अजून काय पायजे तुमाले?"

लोक हसायला लागले. लोटनभाऊ हसले नाहीत. ते तरीही घरी जाऊन पाहून आले, सगळे चांगले होते.

अकरापैकी नऊ गावांनी तिथेच काम दिलं. दहाव्याने म्हटलं विचार करून सांगतो, आणि शेठकडून नवा हत्ती नेला. हत्यार फुकट मिळत होतं. अकरावे चुडामण भाऊ. त्यांनी एक केलं. दर सोमवारी सायकलवर तीन कोस पलीकडच्या गावी जायचं, तिथल्या यंत्रावर कुंदाने त्यांच्या गावची यादी घालून ठेवलेली असते ती छापून घ्यायची आणि कॅरियरला लावून आणायची. त्यांचा स्वतःचा हत्ती ऑफिसात झाकून ठेवलाय. त्याच्यावर पाण्याचा माठ असतो.

कुंदाने शेठची नोकरी सोडली. दाराला पाटी लागली. पेढे मात्र दिवाळीपर्यंत राहिले असते का? ते मी त्याच आठवड्यात संपवले होते, तिला अजून सांगितलेलं नाही. ती नऊ गावं एसटीने करते. लुना नाही. गुलाब आला की पाटी वाचतो, पान्याबद्दल बोलत नाही, आणि बिबड्या मात्र भरपूर खातो. ते बोलण्यापेक्षा वाईट.

परवा चुडामण भाऊ जळगावला कामाला आले होते, पाटी पाहून आत आले. खिशातून यादी काढली, चष्मा लावून जरा लांब धरली.

"गोल बेस हाये," म्हणाले. "नंबर बरोबर. भांडण नाही. पण अक्का, खरं सांगू का? अक्षर पयलंच बरं व्हतं. ह्ये जरा... लोंबतं."

ती अक्षरं कुणी काढलीत हे त्यांना माहीत नव्हतं. मी यादी हातात घेतली. खरंच लोंबत होतं. एकतीस वर्षं अक्षरांत काढलेली बाई खोटं कसं बोलणार?

ते गेल्यावर मी चौकटीची वही काढली आणि ष्ट ला बसले. आतून कुंदा ओरडली, "अक्का, त्याला हात लावू नकोस! एक अक्षर बदललं की नऊ गावं फिरावी लागतात मला!"

मी वही मिटली. पेन्सिल तेवढी आत ठेवली आहे, पान सापडावं म्हणून.